अकरा नंबर

साहेब, तो वृद्धाश्रम तुम्ही बंद केलात. चौकशी नाही, भेट नाही. अनुदान तोडण्याच्या कागदावर सही ठोकलीत आणि जेवायला गेलात. म्हाताऱ्यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यांना अंघोळ घालणारी, त्यांच्या मुलांशी भांडणारी, शेवटच्या घटकेला हात धरून बसणारी बाई आज एका जागेसाठी जिन्याच्या पायरीवर बसली आहे, हेही नाही.

जिना खालपासून वरपर्यंत भरला होता. सगळ्यांकडे समाजकार्याची पदवी. दुसऱ्याला आधार द्यायला शिकलेली माणसं एकमेकांकडे चोरून बघत होती.

तिचे कपडे साधे, पण घडी कडक. रात्रभर गादीखाली दाबून ठेवले होते. मांडीवर भलीमोठी पिशवी.

शेजारची चष्मेवाली पोर हसली. "ताई, मुक्कामाला आलात का?"

"इथे नंबर कधी लागेल कुणास ठाऊक. तयारीनं आलेलं बरं."

पोर खळखळून हसली. "माझी ही कितवी मुलाखत ते मी मोजणं सोडलंय. घरचे म्हणतात, समाजाची सेवा नंतर कर, आधी घरातली भांडी घास."

तेवढ्यात मांडीवरच्या पिशवीत फोन वाजला. भावाकडून आई बोलत होती.

"मैत्रिणीकडे नीट आहेस ना गं? एकटं नाही ना वाटत?"

"एकटं कसलं? बोलायला बायकाच बायका आहेत."

"मग ठीक. वहिनी आज पुन्हा म्हणाली, लेकीकडे कधी जाताय म्हणून. मी म्हटलं, तिला काम लागू दे."

"लागलं की लगेच नेते, आई."

"माझं काही नाही. कोपरा असला तरी चालेल."

तिने फोन ठेवला आणि पदवीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

मुलाखतीच्या खोलीत टेबलामागे संस्थेच्या अध्यक्षबाई आणि सेक्रेटरी होते. संस्था बायकांसाठी निवारा चालवत होती. निवारा पलीकडच्या गल्लीत, ऑफिस इथे. ऑफिसातलं कुणी तिकडे फिरकत नसे.

"राहता कुठे?" सेक्रेटरीने विचारलं.

"जवळच. चालत येता येईल."

"ते बरंय. मागची बाई दोन बस बदलून यायची." त्याने बाजूला पडलेल्या अर्जांकडे बोट दाखवलं. "निवाऱ्यात राहणाऱ्या दोघींनीही अर्ज केले होते. काढून टाकले. आमचा नियमच आहे. जी स्वतः आधार घेते, ती दुसरीला काय देणार?"

"बरोबर," ती म्हणाली.

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "समजा निवाऱ्यातल्या एकीची राहायची मुदत संपली. दुसऱ्या गरजू बाईला पलंग हवाय, पण ही हलत नाही. काय कराल?"

"तिच्यासमोर उभी राहणार नाही. पलंगाच्या कडेला बसेन. रात्री सांगणार नाही. रात्री सांगितलं की ती झोपत नाही, आणि तिच्या कूस बदलण्यानं शेजारच्या दोघीही जागतात. सामान तिचं तिला भरू देईन. दुसऱ्यानं भरलं की हाकलल्यासारखं वाटतं."

"वाचून आलात वाटतं," सेक्रेटरी म्हणाला.

"म्हाताऱ्यांबरोबर राहिलेय मी."

"आणि ती म्हणाली, जाऊ कुठे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

तिने पिशवी जवळ ओढली. "त्याचं उत्तर घेऊनच मी तिच्याकडे जाईन. उत्तर नसेल तर जाणार नाही."

टेबलामागे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सेक्रेटरीने समोरचे अर्ज एकत्र करून फडताळात टाकले. जिन्यावरच्या सगळ्यांचं भवितव्य त्या एका आवाजात मिटलं.

"आजपासूनच रुजू व्हा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पगार महिना भरल्यावर. उचल मिळत नाही. आणि पहिलंच काम जरा अवघड देतेय, राग मानू नका. अकरा नंबरचा पलंग. मुदत कधीच संपलीय. रोज काहीतरी सांगते म्हणे, आज काम लागेल, उद्या लागेल. संध्याकाळच्या आत पलंग रिकामा झाला की तुमची नेमणूक पक्की."

तिने पाण्याचा ग्लास उचलला. तसाच खाली ठेवला.

"नाव काय तिचं?"

"नावात कशाला शिरता?" सेक्रेटरी म्हणाला. "नाव कळलं की माया सुटते. आम्ही नंबरावरच चालतो."

"नाही जमत, असं म्हटलं तर?"

"बाहेर जिना भरलाय, ताई."

जिन्यावरून उतरताना चष्मेवालीने तिचा चेहरा पाहिला. "मिळालं ना? तुम्हाला मिळालं ना?"

तिने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी जा. भांडी घास. घर आहे तोवर घास."

निवाऱ्याच्या दारात बसलेल्या मावशीने तिला कोण, कशाला, काही विचारलं नाही. दालनात दुपारचं कुणीच नव्हतं. अकरा नंबरचा पलंग कोपऱ्यात, खिडकीशी. ती समोर उभी राहिली नाही. कडेला बसली. घोंगडीवर तळहात फिरवला.

"मुदत संपली, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "उठायला हवं."

फोन वाजत होता. आईचा. तिने तो वाजू दिला. मग पलंगाच्या दांडीवर सकाळी वाळत घातलेला आपला टॉवेल काढला, नीट घडी घातली आणि पिशवीत भरला.

साहेब, ती विचारतेय, जाऊ कुठे? उत्तर द्या.