गटारीची चाचणी

पावसाळ्यात गल्ली तुंबेल का, हे आधीच तपासायला महापालिकेतल्या मृणालीने धुळ्यातल्या एका कॉलनीत टँकर आणला. साहेबांनी बजावलं होतं, "टँकर एकच मिळेल. चाचणी फसायला नको."

टँकरचा पाइप गटारीत सोडताना नर्मदाबाई समोर आल्या. "इतलं पानी गटारमा वतशी का वं माय? आमना नळले तं थेंब नई शे."

"अक्का, पाणी कुठे जातं ते बघायचंय."

"मंग बघ," म्हणत नर्मदाबाईंनी पाइप उचलून आपल्या पिंपात सोडला. बघता बघता गल्लीभर हंडे, घमेली, पाळणाघरातला टबसुद्धा रांगेत आला.

दुपारी साहेबांचा फोन आला. "पाणी तुंबलं का?"

"अजिबात नाही, सर. उलट गल्लीची साठवणक्षमता अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली."