कापसाची ऊब

थंड समुद्रातल्या शेवाळावर जगणारे ते जीवाणू उर्वशीनं तीन वर्षं जपले होते. त्यांचं एन्झाइम बर्फाच्या पाण्यातही शेवाळ विरघळवायचं. ऊब मात्र त्यांना मारायची. नागपूरच्या प्रयोगशाळेकडे जाताना ती एक दिवस केळापूरला घरी थांबली आणि जीवाणूंच्या नळ्या ठेवलेल्या डब्यातला बर्फ वितळू लागला. "बाबा, या नळ्यांत जीव हाय, सांभाळजा," एवढंच सांगून ती बर्फ आणायला पांढरकवड्याला धावली. परतली तेव्हा डबा रिकामा होता. भाव पडल्यामुळं घरातच राहिलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी बाबा समाधानानं बसले होते. "पार गार पडले होते, माय. कापसात गुंडायून चुलीजवळ ठेवले. सातव्या महिन्यात झालती तू, तुले असंच वाचवलं होतं." तिनं नळ्या चाचपल्या, अंगासारख्या कोमट. "जगतीन ना?" हातातल्या पिशवीतून बर्फाचं पाणी पायांवर ठिबकत होतं. "जगतीन," म्हणत तिनं कापूस पुन्हा गुंडाळला.