तिच्या नावाचा जिवाणू

पडद्यावर आकडा आला: सत्त्याण्णव पूर्णांक आठ. गुड्रुननं तुलना पुन्हा लावली. तोच आकडा आला.

दोन जिवाणूंची जनुकं पंच्याण्णव टक्क्यांच्या वर जुळली की प्रजाती एकच. आणि एका प्रजातीला नाव एकच, ज्यानं आधी ठेवलं त्याचं. समोरच्या सरोवरातल्या या जिवाणूचं बारसं जपानमध्ये चार वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं. गुड्रुनचा लेख सोमवारी छापून येणार होता. त्यात नाव होतं ‘एडेलट्राउडी’. तिला हे काम शिकवणाऱ्या बाई, एडेलट्राउड, यांच्यावरून ठेवलेलं. बाईंनीच हा जिवाणू पाण्यातून वेगळा काढला होता, वर्षानुवर्षं बाटलीत जगवला होता. फेब्रुवारीत त्या गेल्या.

प्रयोगशाळेच्या दारावर टकटक झाली. बाईंचा नवरा अलॉइस उंबऱ्यावरच थांबला. हातात कागदात गुंडाळलेला, धुरी दिलेला मासा.

“इथे खायचं नाही, ठाऊक आहे,” तो म्हणाला. “घरी ने. एडेलनं मला जन्मभर याच उंबऱ्यावर उभं केलं. म्हणायची, माझ्या सगळ्या बाटल्यांत मिळून नसतील एवढे जंतू तुझ्या कोटावर आहेत.”

गुड्रुन हसायला गेली, पण जमलं नाही.

“दगडवाला खोळंबलाय. तिच्या नावाखाली त्या जिवाणूचं नाव कोरायचंय. लॅटिन आहे, चुकायला नको. तुझ्या हातानं लिहून दे.” त्यानं खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. “पाद्री कुरकुरला. थडग्यावर जंतू कशाला म्हणे. मी म्हटलं, तोही देवानंच केलाय ना?”

गुड्रुननं खिडकीबाहेर सरोवराकडे पाहिलं. “उद्या देते. आज जरा घाईत आहे.”

अलॉइस तिच्याकडे बघत राहिला. “घाई नाही तुला. काय झालंय ते बोल, पोरी.”

तिनं सांगितलं. तो ऐकत होता. मासा या हातातून त्या हातात गेला.

“कुणाकुणाला ठाऊक आहे?”

“अजून फक्त मला.”

“आणि तू गप्प बसलीस तर?”

“आज ना उद्या कुणीतरी तुलना लावेलच. वर्षानं, पाच वर्षांनी. तोवर नाव राहील.”

“पाच वर्षं मला पुरेत. तोवर मीही त्याच दगडाखाली गेलेलो असेन.”

मासा त्यानं खाली, उंबऱ्याबाहेर ठेवला.

“इस्पितळात तू तिला हे नाव सांगितलंस, तेव्हा मी तिथेच होतो. तिनं तुला काय विचारलं, आठवतं?”

“जपानवाल्यांचा जिवाणू ताडून पाहिलास का, असं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले.” गुड्रुनचा आवाज बारीक झाला. “एका दुपारचं काम होतं, अलॉइस. पण त्या इतक्या खूश झाल्या होत्या. वाटलं, परत जाऊन करू. मग त्या गेल्या, आणि मग करायची हिंमतच झाली नाही. आज लेखाचं शेवटचं वाचन करताना राहवलं नाही.”

“तू गेल्यावर ती मला म्हणाली, ही पोरगी खोटं बोलताना खिडकीकडे बघते.”

गुड्रुननं मान वर केली. “रागावल्या होत्या?”

“नाही. म्हणाली, आजचा दिवस असू दे.”

मग तो आत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं तो उंबरा ओलांडला. टेबलावरच्या बाटल्यांना धक्का लागू नये म्हणून कोट पोटाशी धरून तो जपून चालत आला. कागद तिच्यापुढे ठेवला, वर पेन्सिल ठेवली.

“कोणतं नाव लिहू?” तिनं विचारलं.

“खिडकीकडे न बघता लिहिता येईल ते.”