कोऱ्या यंत्राच्या बाई

दहावीच्या गणितात तीनदा नापास झालेल्या, शिवणकाम करणाऱ्या द्वारकाबाई सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसल्या. आता पेपर माणसाला मिळत नसे. प्रत्येकापुढे एक कोरं यंत्र ठेवत. दोन तासांत त्याला शिकवायचं, मग पेपर त्यानं सोडवायचा. ते पास, तर तुम्ही पास.

द्वारकाबाईंनी परिघाचं सूत्र सांगितलं.

"पाठ झालं, बाई," यंत्र म्हणालं. "पण परीघ व्यासाच्या तिपटीहून जरासा जास्त का?"

शाळेत त्यांनीही हेच विचारलं होतं, तेव्हा वर्ग हसला होता.

"का ते मलाही ठाऊक नाही रे," त्या म्हणाल्या. "पण तसंच असतं, हे दाखवते."

पिशवीतली टेप काढून त्यांनी बांगडी मोजली, आधी कडेनं, मग मधून. मग डब्याचं झाकण, पाण्याचा पेला. यंत्राचा कॅमेरा निरखत होता.

"दर वेळी तेवढीच पट!" यंत्र जवळजवळ ओरडलं. "गोल लहान असो की मोठा!"

पेपरात मात्र न शिकवलेलंच आलं. किलोमीटरभर जाताना सत्तर सेंटिमीटर व्यासाचं सायकलचं चाक किती वेळा फिरेल? द्वारकाबाईंनी डोळे गच्च मिटले.

"एका फेरीत चाक परिघाएवढं पुढे जाईल," यंत्र शांतपणे म्हणालं आणि त्यानं अचूक उत्तर काढलं.

"शंभरात चौऱ्याण्णव!" परीक्षक उठून उभे राहिले. "बाई, कुठल्या शाळेत शिकवता?"

"शिकवत नाही हो, शिवते," द्वारकाबाई डोळे पुसत हसल्या. "पण आता शिकवीन."