किती दिवस

"तिला परत का पाठवलं त्यांनी?" अर्चनानं विचारलं.

विद्यालक्ष्मी टेबलापलीकडे बसल्या होत्या. चेन्नईतल्या एग्मोरच्या त्या बालगृहात मूल दत्तक घ्यायला येणाऱ्यांशी बोलायचं काम त्यांचं. घराणं तंजावरचं, म्हणून मराठी बोलत. पण जुन्या वळणाचं, तमिळ हेल काढून.

"त्यांनीं सांगितलें तें सांगतें. खोटें बोलते म्हणाले. रात्रीं अंथरूण ओलें करते. माशांची काचेची पेटी फोडली." त्यांनी समोरची फाइल मिटली. "पेटी फुटली हें खरें. बाकी मीं पाहिलें नाहीं. दिवाळीस दत्तक म्हणून नेली आणि पोंगल व्हायच्या आंत आणून सोडली."

अर्चना खिडकीबाहेर बघत राहिली. घरून निघतानाच तिचं नाही म्हणायचं ठरलं होतं. रिक्षात तिनं नवऱ्याला, संजीवला, तसं सांगितलंही होतं. तान्हं मूल मिळायला अजून काही वर्षं लागली तर लागू देत. सात वर्षांच्या पोरीनं आधी काय पाहिलंय, काय सोसलंय, ते कुणाला माहीत? उद्या तिला आपण आवडलो नाही तर? आणि ज्याचा उच्चार तिनं संजीवपाशीही केला नव्हता ते असं, की आपल्यालाच ती आवडली नाही तर?

"आमच्यात रमेल ती?"

"ठावें नाहीं."

"आणि नाही रमली तर?"

"तर तुम्हांस त्रास होईल. तिला जास्त होईल."

"तुम्ही काहीच खात्री देत नाही," अर्चना जरा चिडूनच म्हणाली.

"कशाची देऊं सांगा?" विद्यालक्ष्मींनी शांतपणे विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

शेजारी बसलेला संजीव तिच्याकडे वळला. "हे बघ, तू नाही म्हणालीस तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. मनापासून सांगतोय. पण 'बघू' म्हणायचं नाही. गेल्या आठवड्यात आपण तिला 'बघू' म्हणालो आणि निघून गेलो. दुसऱ्यांदा नको."

दार वाजलं. सात वर्षांची शरण्या आत आली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, अंगात धुवट निळा फ्रॉक. तिनं दोघांकडे पाहिलं नाही. ती सरळ विद्यालक्ष्मींपाशी गेली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली.

"तुम्हांस एक विचारायचें म्हणते," विद्यालक्ष्मी म्हणाल्या.

"विचारू दे ना."

शरण्या अर्चनाच्या समोर येऊन उभी राहिली. हात पाठीमागे. आवाज लहान होता, पण अडखळत नव्हता.

"एत्तनै नाळ?"

विद्यालक्ष्मी अर्थ सांगायला पुढे झुकल्या, पण अर्चनाला तो कळला होता. इडलीचं पीठ घेताना ती दुकानदाराला हेच विचारायची. एत्तनै नाळ? किती दिवस टिकेल?

आठवडाभर ती स्वतःच्याच भीतीशी बोलत होती. ही मुलगी तीच भीती घेऊन तिच्याआधी इथं उभी होती, आणि हिला ती विचारताही येत होती.

"कायमचं म्हणून सांगा तिला," अर्चना घाईघाईनं म्हणाली. "सांगा ना, मॅडम."

विद्यालक्ष्मींनी नकारार्थी मान हलवली. "तो शब्द मागल्यांनींही सांगितला होता तिला."

शरण्या वाट बघत होती. उत्तर कसलं येतंय याचा तिला अंदाज असावा, तशी तिची नजर हळूहळू दाराकडे वळायला लागली.

अर्चना खुर्चीवरून उठली आणि खाली फरशीवर बसली. आता दोघींचे डोळे समोरासमोर आले. तिची तमिळ बसपुरती आणि बाजारापुरती. त्यातलं जे हाताला लागलं ते तिनं घेतलं.

"जूनला स्कूल," ती म्हणाली. "सेकंड स्टँडर्ड. आमच्या घरून." मग तिनं बोटं पुढं केली. "रेंडु. अप्पुरम मूणु. अप्पुरम नालु."

दुसरी. मग तिसरी. मग चौथी. शरण्याची नजर बोटांवर आली.

"अंजु. आरु. एळु." अर्चना एकेक इयत्ता सावकाश चढत होती. "एट्टु. ओंबदु. पत्तु."

दहाला बोटं संपली आणि तमिळही संपली. पुढचा आकडा तिला येत नव्हता. तिनं विद्यालक्ष्मींकडे पाहिलं. त्यांनी नजर शरण्याकडे वळवली.

"पदिनोण्णु," शरण्या म्हणाली. अकरा.

"पदिनोण्णु," अर्चनानं तिच्यामागून म्हटलं.

"पन्नेंडु."

"पन्नेंडु."

बारावी झाली. शरण्यानं हात पाठीमागून काढले. बारावीच्या पुढं काय असतं ते तिला माहीत नव्हतं.

"अप्पुरम?" तिनं विचारलं. त्यानंतर?

संजीव मागून हलकेच म्हणाला, "कॉलेज म्हण." अर्चनानं ऐकलं, पण ती ते म्हणाली नाही. चेन्नईत पाऊल ठेवल्यावर ती सगळ्यांत आधी जो शब्द शिकली होती तोच तिच्या ओठांवर आला.

"तेरियादु," ती म्हणाली. माहीत नाही.

शरण्यानं तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं.

"सरि," ती म्हणाली. चालेल.