आईची वीत

मापं बदलून देणाऱ्या माझ्या प्रोग्राममध्ये फूट, मीटर यांच्या जोडीला एक खास एकक होतं: आईची वीत. आई खिडकीपासून जमिनीपर्यंत वितीनं मोजायची, प्रोग्राम सेंटिमीटर सांगायचा, ती पडदे बेतायची. नवे पडदे जमिनीवर लोळले. “तुझा प्रोग्राम बिघडलाय. माझा हात कधी चुकलाय?” आई तणतणली. मी सगळा कोड पालथा घातला, खोट सापडेना. शेवटी, जिच्यावर पूर्वी तिची वीत मोजून खूण केली होती, त्या जुन्याच फूटपट्टीवर तिला पंजा ताणायला लावलं. अंगठा टोकावर ठेवूनही सुजलेल्या सांध्यांची करंगळी वितीच्या जुन्या खुणेपर्यंत पोचेना. हात आखडला, म्हणून विती जास्त भरल्या आणि प्रोग्रामनं त्या जुन्याच लांबीच्या धरल्या. चष्मा न लावलेल्या आईला आकडा दिसेना. तिनं विचारलं, “किती भरली?” “होती तेवढीच. चूक प्रोग्रामचीच,” म्हणत मी वितीचा आकडा बदलला. “बघ, मी म्हणत नव्हते?” आई हसली. हात पडद्याच्या घडीत लपवत तिनं कात्री माझ्याकडे सरकवली. “आता तूच काप.”