कोपऱ्यातली खूण

तारेत चारच शब्द होते : "भोक उलट्या अंगाला आहे."

विद्याधर सामंतांनी तार तीनदा वाचली. मग खुलन्याच्या ताग गिरणीतून आलेले मूळ चित्र टेबलावर पसरले आणि पट्टी लावून मापे पुन्हा तपासली. मागाच्या गिअरबॉक्सची ओतीव पेटी. मापे अचूक होती. घाटकोपरच्या त्या कारखान्यात एकतीस वर्षे ते नकाशे तपासत होते. त्यांच्या सहीचा एकही भाग कधी परत आला नव्हता. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते.

"सामंतसाहेब, चूक आपली की त्यांची, एवढंच सांगा ना," मालक जयंतीभाई म्हणाले. "ढाक्याच्या परिषदेत शेजारचे सात देश एकत्र बसले, तेव्हा कुठे बांगलादेशची ही पहिली ऑर्डर हाताला लागली. अजून चाळीस पेट्या बाकी आहेत. पहिल्याच पेटीत वाट लागली, तर पुढच्या कोण देणार आपल्याला?"

सामंतांनी चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. यंत्राचे चित्र दोन रीतींनी मांडतात. जुन्या रीतीत वस्तूची डावी बाजू मुख्य चित्राच्या उजवीकडे काढतात. नव्या रीतीत ती डावीकडेच राहते. कोणती रीत धरली आहे, हे कोपऱ्यातल्या एका लहानशा खुणेवरून कळते. या चित्राचा कोपरा कोरा होता. समोरून पेटी दोन्ही अंगांनी सारखीच दिसे. एका रीतीने वाचले तर दांड्याचे भोक डावीकडे येई, दुसरीने उजवीकडे.

कारखान्यात नवी रीत रुळून दहा वर्षे झाली होती. "सर, पत्र टाकून विचारू या का?" असे नकाशे काढणारी कुंदा हे चित्र आले तेव्हाच म्हणाली होती.

"नको," सामंत म्हणाले होते. "त्यांच्या कामात खोट काढल्यासारखं दिसेल. त्यांच्या गिरण्या जुन्या इंग्रजी वळणाच्या. त्यांचं चित्र त्यांच्याच रीतीनं वाचू."

आठवडाभर ते रोज चित्रासमोर बसले. जुन्या रीतीने ते बरोबर होते. नव्या रीतीनेही बरोबर होते. आठव्या दिवशी त्यांनी गिरणीचे इंजिनिअर अब्दुल मोतालेब यांना लिहिले : चूक माझी आहे. आपले चित्र मी जुन्या रीतीचे समजलो. यापुढे ते नव्याच रीतीचे समजेन. कुंदाने पत्र सकाळच्या टपालात टाकले.

दुपारी मोतालेब यांचे पत्र आले. तार पाठवली त्याच दिवशी ते लिहिलेले होते. सामंतांनी ते मोठ्याने वाचले.

"चूक माझी आहे. आम्ही इथे जुन्याच रीतीने काढतो. पण आपल्याकडे नवी रीत चालते असे कळल्यावरून, आपली सोय व्हावी म्हणून मी तशी मांडणी केली. कोपऱ्यात खूण मात्र मुद्दामच केली नाही. शेजाऱ्याला चित्र वाचायला शिकवतो आहोत, असे वाटायला नको. उरलेल्या पेट्यांचे सुधारित चित्र आमच्या जुन्याच रीतीने पाठवीन."

कुंदाने कपाळावर हात मारला. "सर, आपलं सकाळचं पत्र पोचलं, की ते पुन्हा नव्या रीतीनं काढायला बसतील!"

"आणि मी ते जुन्या रीतीनं वाचेन," सामंत म्हणाले.

"अहो, पण चूक कोणाची?" जयंतीभाईंनी विचारले.

सामंतांनी कोरा कागद पुढे ओढला. टोक कापलेला एक शंकू काढला, त्याच्या उजवीकडे एकात एक दोन वर्तुळे. जुन्या रीतीची खूण. तिच्याखाली त्यांनी एवढेच लिहिले : "हीच ना?"

मग सही केली. शिष्टाचाराचा नमस्कार मात्र या वेळी लिहिला नाही.